ओरडतंय, पण ओढत नाही : जुन्या मोटारबोटीच्या नवख्या मालकासाठी मार्गदर्शिका

ज्यांनी नुकतीच एक जुनी मोटारबोट विकत घेतली आहे आणि विकणाऱ्याने ज्यांना "इंजिन एकदम मख्खन आहे, साहेब" असं सांगितलं होतं, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. उदाहरणादाखल एक बोट धरून चालू. १६ फुटी, फायबरची, मागे टांगलेलं ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. मालक तीन. एक पुण्याला असतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून सूचना करतो, दुसरा ठाण्याला असतो आणि खर्चाचा हिशेब मागतो, तिसऱ्याचं रेवदंड्यात घर आहे म्हणून बोट त्याच्या गळ्यात. पावसाळाभर ती ताडपत्रीखाली होती. नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवळला, पाहुण्यांना कोर्लईचा किल्ला पाण्यातून दाखवायचं ठरलं आणि कुंडलिकेच्या मुखाशी येऊन बोटीने पुढे जाणं सोडून दिलं. इंजिन सुरू आहे. किंवा नाही. इथून पुढे निदान सुरू होतं.

निदानाचा पाया आधी पक्का करू. बोटीचे बिघाड दोन जातींचे असतात, मानाचे आणि लाजेचे. पिस्टन जाम होणं, गिअरबॉक्स फुटणं, क्रँकशाफ्ट तुटणं हे मानाचे. ते चारचौघांत सांगता येतात, ऐकणारा हळहळतो, मालकाची पत वाढते. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहणं हा लाजेचा. मालकाचा ओढा साहजिकच मानाच्या बिघाडाकडे असतो. मिस्त्रीचाही तिकडेच असला तर दोघांचं फार छान जमतं आणि आजार रेड्याला, औषध पखालीला असा कार्यक्रम पुढचे सहा महिने सुखाने चालतो. आपण मात्र लाजेकडून मानाकडे जाणार आहोत. लाजेचे बिघाड संख्येने जास्त असतात आणि दुरुस्तीला शंभराच्या नोटेत बसतात, एवढंच त्याचं कारण.

पहिली पायरी : निदान करू नका

नवख्याचा हात सर्वांत आधी इंजिनाच्या कव्हराकडे जातो. तो मागे घ्या आणि नांगर टाका. ओहोटी लागली असेल तर पाणी तुमचं निदान होईपर्यंत थांबत नाही. ते तुम्हाला, पाहुण्यांना आणि डब्यातल्या बटाटेवड्यांना घेऊन उघड्या समुद्राकडे निघतं. भरती असेल तर साळावच्या पुलाच्या खांबांकडे. नांगर टाकण्यापूर्वी दोराचं दुसरं टोक बोटीला बांधलेलं आहे ना, ते बघा. ही सूचना अनावश्यक वाटेल. खाडीच्या तळाशी आज जे नांगर पडले आहेत त्यांच्या मालकांनाही ती अनावश्यकच वाटली होती. पाण्याची जेवढी खोली असेल त्याच्या निदान पाचपट दोर सोडा, नाहीतर नांगर तळाला गुदगुल्या करत तुमच्यामागून येत राहतो. मग सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावा. पाहुणे विचारतील, "काही प्रॉब्लेम आहे का?" त्यांना सांगा, "नाही, इथून किल्ला छान दिसतो."

आता लाल दोरी शोधा. फोनच्या जुन्या वायरसारखी पिळाची एक लाल दोरी इंजिनाच्या बटणाला अडकवलेली असते, दुसरं टोक चालकाच्या मनगटाला असायला हवं. चालक पाण्यात पडला तर दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं. ती निघालेली असेल तर इंजिन घरघरतं पण पेट घेत नाही. पाहुण्यांमधल्या सात-आठ वर्षांच्या मुलाकडे एकदा नजर टाका. त्याच्या हातात ती सापडण्याची शक्यता बरीच आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

दोरी जागेवर आहे, पण किल्ली फिरवूनही स्टार्टर ढिम्म आहे? गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये आणा. गिअर पडलेला असताना स्टार्टर फिरू नये अशी सोय त्यात मुद्दाम केलेली असते. एवढ्यावर भागलं तर मार्गदर्शिका मिटवा, नांगर उचला आणि घरी गेल्यावर "थोडा इलेक्ट्रिकल इश्यू होता" असं सांगा.

कान लावा

जुन्या बोटींवर इंजिनाचे फेरे दाखवणारं मीटर असतं, पण त्याचा काटा मागच्या मालकाच्या काळातच कुठल्या तरी आकड्यावर विसावलेला असतो. म्हणून कान वापरायचा. ॲक्सिलरेटर पुढे ढकला आणि ऐका. दोनच शक्यता आहेत. एक, इंजिन नेहमीपेक्षा जास्त किंचाळतंय आणि बोट मात्र जागची हलत नाही किंवा रांगते. म्हणजे ओरडतंय, पण ओढत नाही. दोन, इंजिनालाच चढता येत नाही, गुरगुरतं, दम टाकतं. म्हणजे ओरडतही नाही आणि ओढतही नाही. पहिल्या प्रकारात ताकद तयार होते आहे पण पाण्यापर्यंत पोचत नाही. दोष खाली, पाण्यात. दुसऱ्यात ताकदच तयार होत नाही किंवा बोट फार जड झाली आहे. दोष वर, कव्हराखाली, नाहीतर तळाला. संपूर्ण निदानशास्त्र या एका वळणावर उभं आहे. ते चुकलं की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ओरडणाऱ्या इंजिनाचा कार्बोरेटर उघडून बसलेली माणसं प्रत्येक धक्क्यावर असतात आणि त्यांच्याभोवती गर्दीही चांगली असते.

ओरडतंय, पण ओढत नाही

आधी पंख्याकडे बघा. कागदोपत्री तो प्रोपेलर असतो, धक्क्यावर सगळे त्याला पंखाच म्हणतात. इंजिन वर उचला आणि तो जागेवर आहे का ते पाहा. हसू नका.

पंखा जागेवर आहे पण गुंडाळला गेलाय, हा आपल्याकडचा सर्वांत मोठा वर्ग. जाळ्याचा तुकडा, तंगूस, प्लास्टिकची पिशवी, सिमेंटच्या गोणीची सुतळी. खाडीत यांपैकी काय सापडेल हे भरतीवर अवलंबून आहे. वरवरचं असेल तर इंजिन बंद करून, किल्ली काढून, सुरीने कापून टाका. पण पंखा पाण्यावर वाकून सोडवायला जाऊ नका. त्याचा नट पाण्यात पडतो. दर वेळी पडतो. ते काम किनाऱ्यावर करायचं.

किनाऱ्यावर आल्यावर क्रम असा. किल्ली काढा, लाल दोरी काढा, स्पार्क प्लगच्या टोप्या उपटून ठेवा. गरम टू-स्ट्रोक इंजिन गिअरमध्ये असताना पंखा हाताने फिरवला तर ते सुरू होऊ शकतं आणि बोटं मोजून घ्यायची वेळ येते. पंख्याचं पातं आणि वरची आडवी पट्टी यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा म्हणजे नट सोडवताना पंखा फिरणार नाही. नटातून आरपार गेलेली पिन सरळ करून ओढून काढा. ती पुन्हा वापरायची नाही, दोन रुपयांसाठी पंखा गमवायचा नाही. नट, मग वॉशर, मग पंखा. अडला तर हातोडी मारू नका. मारालच, तर मध्ये लाकूड धरून मारा.

पंखा सुटला की शाफ्टवरचे बारीक लांबट दाते दिसतात, त्यांच्यात काळं पडलेलं ग्रीस, आणि शाफ्टच्या मुळाशी, तेलाच्या सीलला चिकटून, एक चकचकीत हिरवट कडं. नवख्याला तो मूळ भागच वाटतो. नखाने खरवडा. तो तंगूस आहे. शाफ्टबरोबर फिरत, घासत, घट्ट होत त्याचं कडं बनलेलं असतं आणि ते हळूहळू सीलचा ओठ कापत असतं. ब्लेडने काढताना सीलला धक्का लावू नका. याच जागी एक जाड, एका बाजूने निमुळतं वॉशर असतं. ते काढताना मोबाइलवर फोटो काढा. बसवताना ते कोणत्या तोंडाने होतं यावर तिन्ही मालकांत मतभेद होतात.

आता पंख्याचं पोट. मधली नळी आणि बाहेरची पाती एका अखंड धातूची नसतात. मध्ये रबराचं बुश दाबून बसवलेलं असतं. पंखा खडकावर आपटला तर रबराने घसरावं आणि गिअरचे दात वाचावेत, यासाठी ते असतं. जुनं झालं की हे रबर खडक नसतानाही घसरतं. लक्षण अगदी ठरलेलं आहे. हळू चालवलं तर बोट शहाण्यासारखी जाते, जोर दिला की इंजिन एकदम किंचाळतं आणि बोट बसते. तपासायला घरातली नेलपॉलिश घ्या. आतल्या नळीवरून बाहेरच्या धातूपर्यंत एक सरळ रेघ ओढा, वाळू द्या, पंखा चढवा, खाडीत जोरात एक फेरी मारा, परत येऊन बघा. रेघ तुटून दोन तुकडे दोन ठिकाणी गेले असतील तर बुश घसरलंय. निदान पक्कं. याहून स्वस्त आणि याहून खात्रीची चाचणी या धंद्यात नाही. तरी ती फारशी कोणी करत नाही, कारण बायकोकडे नेलपॉलिश मागताना कारण सांगावं लागतं. बुश घसरलेलं असलं तरी हळूहळू घरी येता येतं, घाई करू नका. अगदी छोट्या आणि जुन्या इंजिनांत रबराच्या जागी एक मऊ धातूची पिन असते. ती तुटली की पंखा मोकळा. तिथे हळू जाऊन भागत नाही, खिशात दुसरी पिन लागते.

पंखा ठीक, बुश ठीक, तरी किंचाळतंय? मग धक्क्यावर कुणीतरी गंभीर चेहऱ्याने म्हणेल, "कॅव्हिटेशन होतंय." हा मानाचा बिघाड आहे. या शब्दामागे थोर इतिहासही आहे. चार्ल्स पार्सन्सने १८९४ मध्ये वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ‘टर्बिनिया’ नावाची बोट पाण्यात सोडली. टर्बाइनची ताकद अफाट, पण बोट २० नॉटसुद्धा गाठेना. पंखा इतका वेगात फिरत होता की पात्यामागचा दाब पडून पाणी तिथल्या तिथे, थंड असतानाच, उकळत होतं आणि पंखा वाफेच्या बुडबुड्यांत फिरत होता. पार्सन्सने पाण्याची एक छोटी पेटी करून त्यात पंख्याची ही अवस्था डोळ्यांनी पाहिली, मग एका शाफ्टऐवजी तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन असे ९ पंखे लावले. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली म्हणून स्पिटहेडला भरलेल्या आरमाराच्या संचलनात ही बोट ३४ नॉटच्या वेगाने घुसली आणि तिला अडवायला गेलेल्या गस्ती नौका मागे राहिल्या.

तुमच्या बोटीत हे होत नाहीये. तुमच्याकडे हवा शिरते आहे. पृष्ठभागावरची हवा किंवा इंजिनाचा धूर पंख्यात ओढला जातो आणि पंखा पाण्याऐवजी फेसात फिरतो. कारणं साधी आहेत. इंजिन मागच्या फळीवर फार उंच बसवलंय, ते बाहेरच्या बाजूला जास्त कललंय, वळण फार जोरात घेतलं, किंवा चार पाहुणे किल्ला बघायला एकदम पुढे नाळेकडे गेले आणि मागची बाजू उचलली गेली. पंख्याच्या वरची ती आडवी पट्टी हीच हवा अडवण्यासाठी असते. ती मोडलेली असेल तर मिस्त्रीला दाखवा. एरवी पाहुण्यांना मागे बोलवा. इंजिनाची उंचीही मोजा. आउटबोर्ड साधारण १५ इंची आणि २० इंची अशा दोन लांबींत मिळतात, आणि उंच फळीला आखूड इंजिन लावून बोट विकणारी माणसं जगात आहेत.

गणिताची आवड असलेल्या पुणेकर मालकासाठी एक स्वतंत्र उद्योग. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, पहिला व्यास, दुसरा पिच. पिच १३ म्हणजे घट्ट पदार्थात स्क्रू फिरावा तसा एका फेऱ्यात तो १३ इंच पुढे गेला असता. समजा इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेतंय आणि गिअरमुळे पंख्याला त्याच्या निम्मे, २,५०० मिळतात. मिनिटाला ३२,५०० इंच, म्हणजे ताशी जवळजवळ ५० किलोमीटर. पाणी घट्ट नसल्यामुळे एवढा वेग कधीच मिळत नाही; १० ते २० टक्के गळती निरोगी धरतात. मोबाइलवर ४१ दिसले तर पंखा उत्तम आहे, तक्रार बंद करा. २० दिसले तर ६० टक्के वेग कुठेतरी गळतो आहे आणि बुश, हवा, गिअर यांपैकी एकाने तो गिळला आहे. फेऱ्यांचं मीटर बंद असेल तर हा सगळा हिशेब काल्पनिक आहे. पण तो ग्रुपवर टाकला की पुणेकर मालक दोन दिवस शांत राहतो.

राहता राहिला गिअर. एकाला दांड्यापाशी उभं करा, दुसऱ्याने मागे इंजिनापाशी बसून केबल हलते का बघावं. "पडला का?" "काय?" "गिअर!" "कुठे?" हा संवाद या चाचणीचा भाग आहे, त्याला पर्याय नाही. बहुधा केबलच सुटलेली किंवा गंजून अडकलेली निघते. केबल ठीक असूनही गिअर टाकल्यावर कडकड आवाज येऊन तो आपोआप सुटत असेल तर आतल्या क्लचचे कोपरे झिजले आहेत. आउटबोर्डचा गिअर कचकन टाकायचा असतो. हळुवारपणे, चाचपत, विचार करत टाकला की दात दातावर घासून गोल होतात. म्हणजे सज्जन माणसांच्या बोटींचे गिअर आधी जातात. हा मात्र खरोखर मानाचा बिघाड आहे, हवा तेवढा मिरवा.

मिस्त्रीला बोलावण्याआधी गिअरचं तेल काढून बघा. इंजिन उभं ठेवून खालचा स्क्रू काढा, मग वरचा. पहिल्यांदा पाणीच आलं किंवा तेल दुधाळ कॉफीसारखं निघालं, तर सीलमधून पाणी आत गेलंय. तो तंगूस आठवतो? त्याचं हे काम. नवं तेल भरताना खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते आणि अर्धं तेल तुमच्या पायावर येतं. खालच्या स्क्रूला चुंबक असेल तर त्यावर जमलेली बारीक राखाडी पूड ही झीज झाली, तिची काळजी नको. दाताचा तुकडा निघाला तर मात्र ठाण्याच्या मालकाला फोन करण्यापूर्वी बसून घ्या.

ओरडतही नाही आणि ओढतही नाही

आता वर चला. इथेही पहिला मान टाकीच्या झाकणाचा. सुट्या टाकीच्या झाकणावर हवेसाठी छोटा स्क्रू असतो. गाडीतून आणताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद करतात आणि मग तसाच राहतो. इंजिन मजेत सुरू होतं, काही मिनिटं चालतं, टाकीत पोकळी तयार होते, इंधन येणं थांबतं आणि इंजिन खाडीच्या बरोबर मध्यावर बंद पडतं. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू होतं, पुन्हा बंद पडतं. यामुळे लोकांना कॉइल गरम होत असल्याचा संशय येतो, आणि कॉइल महाग असल्यामुळे तो संशय टिकतो. झाकण सैल करून बघा. फुस्स असा आवाज आला तर विषय संपला.

नळीच्या मध्ये बसवलेला रबरी फुगा हा तुमचा खरा डॉक्टर आहे. त्याच्यावर बाण असतो, तो इंजिनाकडे हवा; उलटा बसवलेला फुगा कितीही दाबला तरी पेट्रोल पुढे जात नाही, अंगठा मात्र दुखतो. दाबल्यावर तो घट्ट व्हायला पाहिजे. घट्ट होतच नसेल तर कुठल्या तरी जोडणीतून हवा शिरते आहे, रबरी रिंग बघा. चालत्या इंजिनात तो आत चिपाड होऊन बसला असेल तर टाकीच्या बाजूने अडथळा आहे. आणि इंजिन दम टाकत असताना कुणीतरी फुगा दाबत राहिल्यावर ते जिवंत होत असेल, तर इंजिनावरच्या इंधनपंपाचा पडदा फाटला आहे. या अवस्थेत एका पाहुण्याला फुग्यावर बसवून परत येता येतं. काम मानाचं आहे असं त्याला सांगा.

मग पेट्रोल. ताडपत्रीखाली चार महिने राहिलेलं पेट्रोल हे आता पेट्रोल नाही. पूर्वीही शिळं पेट्रोल त्रास द्यायचंच. आता देशातल्या पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत गेलंय, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणातल्या जून ते सप्टेंबरच्या हवेत पाण्याला तोटा नाही. पाण्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि इंधन ओढणारी नळीही तळाशीच असते. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, उजेडात धरा. खाली वेगळा थर दिसला तर तो टाकून दुसरं भरा. टाकून म्हणजे खाडीत नव्हे. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने मऊ पडतात, आतून सुटतात, आणि त्यांचा बारीक काळा चुरा कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. साखळीतला हा शेवटचा दुवा मिस्त्री साफ करतो, त्याचे पैसे घेतो, आणि नळ्या त्याच राहिल्यामुळे महिन्याभराने पुन्हा भेटतो. नळ्या आधी बदला.

टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, हे तिन्ही मालकांना माहीत असतं. त्यामुळे ते तिघांनी मिसळलेलं असतं, किंवा एकानेही नाही. चालत्या स्थितीतल्या बहुतेक जुन्या इंजिनांना ५० ला १ हे प्रमाण सांगितलेलं असतं, म्हणजे २५ लिटरला अर्धा लिटर तेल. तिप्पट झालं तर धूर आणि काळे प्लग. अजिबात नसलं तर पिस्टन जाम, आणि एक अस्सल, निर्विवाद मानाचा बिघाड.

ठिणगीची परीक्षा अदलाबदलीने होते. दोन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर मेला तरी दुसरा इमानाने चालत राहतो. बोट जाते, पण पाण्यावर उचलली जात नाही, नाळ वर करून नांगरत राहते. दोन्ही प्लग काढा. एक कोरडा तपकिरी, दुसरा ओलाचिंब असेल तर ओला सिलिंडर पेटत नाहीये. प्लग एकमेकांच्या जागी लावा. दोष प्लगबरोबर दुसरीकडे गेला तर प्लग बदला, जागेवरच राहिला तर कॉइल किंवा वायर. हीच युक्ती कॉइललाही लागू पडते. नवे भाग आणण्यापूर्वी असलेलेच भाग फिरवून बघायचे, यात दुकानदार सोडून सगळ्यांचा फायदा आहे.

इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडते, ती पडते आहे का ते अधूनमधून वळून बघण्याची सवय लावा. थांबली तर इंजिन तापतंय; बऱ्याच इंजिनांत ते स्वतःच फेरे कमी करून रेंगाळायला लागतं आणि मालक कार्बोरेटरला दोष देतो. पावसाळ्यानंतर पहिला संशय कुंभारमाशीवर घ्या. धारेच्या नळीत ती मातीचं घर बांधून ठेवते. बारीक तार घातली की घर पडतं, धार येते. तरीही नाही आली तर आतला रबरी पंप गेला. बिनपाण्याने, अंगणात, "नुसतं सुरू करून बघू" म्हणत कुणी इंजिन चालवलं होतं का, याची चौकशी करा. कोरडं फिरवलं तर त्या रबराच्या पाकळ्या बघता बघता जळतात. पिंपात पाणी भरून त्यात इंजिनाचा खालचा भाग बुडवल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही.

इंजिन ठणठणीत, बोट जड

वरचं सगळं तपासून झालं आणि काहीच सापडलं नाही, तर बोटीखाली जा. पाण्यात उभ्या ठेवलेल्या बोटीच्या तळाला बार्नाकल धरतात. हा कवचातला प्राणी डोक्याच्या बाजूने कायमचा चिकटतो आणि उरलेलं आयुष्य पायाने खाणं ओढत काढतो. चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं याच्या अभ्यासात घातली. तुम्हाला खरवडायला एवढा वेळ लागणार नाही, पण दुपार जाईल. खरवडल्यावर तळाला रंग लावायचा असतो, तो बार्नाकल धरू न देणारा, बहुधा तांब्याचा अंश असलेला. घराचा उरलेला ऑइलपेंट चालत नाही.

बोटीच्या पोटातलं पाणीही मोजा. २०० लिटर साचलं असेल तर तीन धडधाकट पाहुणे फुकट फिरत आहेत असं समजा. जुन्या फायबरच्या बोटीत दोन थरांमध्ये फोम भरलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं पाणी पीत राहतो. तो निथळत नाही. फळीवर पाय आपटून आवाज ऐका. ठण ऐवजी थप्प आला तर बोट विकणाऱ्याला तो आधीपासून माहीत होता.

इथेही काही निघालं नाही तर पंख्यावरचा पिच पुन्हा वाचा. मागच्या मालकाने जास्त वेगाच्या हौसेने मोठ्या पिचचा पंखा लावलेला असतो आणि बिचारं इंजिन कायमचं चौथ्या गिअरमध्ये घाट चढत असतं. पिच एक इंचाने कमी केला की साधारण दीडशे-दोनशे फेरे वाढतात.

सल्लागारांविषयी

बोट बंद पडली की सल्लागार जमतात. त्यांतला पहिला म्हणतो प्लग बदला. दुसरा म्हणतो कार्बोरेटर. तिसरा मासेमारी बोटीवरचा असतो आणि म्हणतो, पेट्रोल इंजिनाची कटकटच नको शेठ, डिझेल टाका. चौथा इंजिनाची कंपनी विचारतो आणि तिच्याविषयी वाईट बोलतो. कव्हरवरच्या नावावर जाऊ नका, कव्हर एका इंजिनाचं आणि आतला ऐवज दुसऱ्याचा हे जुन्या बाजारात नेहमीचं. फळीला पकडणाऱ्या ब्रॅकेटवरची छोटी पट्टी वाचा आणि तोच नंबर सांगून भाग मागवा. पट्टीवर एविनरूड हे नाव निघालं तर त्याची गोष्ट अशी : ओल एविनरूडने १९०९ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात आपलं दीड हॉर्सपॉवरचं पहिलं आउटबोर्ड विकायला काढलं. सरोवरावर सहलीला गेलेल्या त्याच्या प्रेयसीला, बेसला, आइस्क्रीम हवं होतं, तो वल्हवत आणायला गेला आणि येईतो ते वितळलं, म्हणून त्याने इंजिन बनवलं असं सांगतात. त्या नावाची इंजिनं बनणं २०२० मध्ये थांबलं. भाग शोधताना ही माहिती कामाला येते, आइस्क्रीमची सोडून.

सगळं हरलं तर

मदतीला येणाऱ्या बोटीचा दोर पुढच्या लोखंडी कडीला बांधा, रेलिंगला किंवा हाताशी आलेल्या कुठल्याही हुकाला नाही. तो हुक उपटून येतो आणि वेगाने येतो. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणाला बसू देऊ नका. माणसं मागच्या बाजूला बसवा म्हणजे नाळ पाण्यात घुसणार नाही. गिअर न्यूट्रलमध्ये. पुढची बोट आपल्यापेक्षा हळू नेते आहे अशी तक्रार करू नका. धक्क्याला लागल्यावर नाखवा पैसे घ्यायला नाही म्हणेल. डिझेलचे म्हणून द्या, तरी नाही म्हणाला तर बर्फाचे म्हणून द्या. आणि दोर त्याचा असेल तर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन द्या.